विद्यार्थ्यांची अभिरूप विधानसभा : कशासाठी आणि कशी?

आपल्या समाजाला सभा नवी नाही. भीमजयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो की वस्तीतल्या नळाला पाणी न येण्याचा प्रश्न असो, सभा भरते, वक्ते बोलतात आणि शेवटी ठराव मांडले जातात. "ठराव सर्वानुमते संमत" असे इतिवृत्ताच्या वहीत लिहिले जाते आणि वही कपाटात जाते. आमच्या संस्थेच्या कपाटातही अशा बऱ्याच वह्या आहेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात नामांतराच्या लढ्याचा विषय चालू होता. महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, एवढे सांगून झाल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, "काका, विधानसभेनं ठराव केला म्हणजे नाव बदललंच ना? मग लोक पुढे सोळा वर्षं कशासाठी लढले?"

आम्ही तिला मराठवाड्यातील दंगलींविषयी सांगितले, जाळलेल्या वस्त्यांविषयी सांगितले, १९७९ च्या लाँग मार्चविषयी सांगितले. पण तिच्या प्रश्नाचे पुरते उत्तर त्यात नव्हते, हे सांगता सांगताच आमच्या ध्यानात आले. ठराव म्हणजे काय, कायदा म्हणजे काय, आणि एकाचे दुसरे कधी आणि कसे होते, हे आम्हालाच मुलांपुढे नीट मांडता येईना. नागरिकशास्त्राचे पुस्तक उघडले तर त्यात सदस्यसंख्या होती, वयाची अट होती, मुदत होती. परीक्षेला तेवढे पुरते. त्या मुलीच्या प्रश्नाला ते पुरले नाही. आमची अभिरूप विधानसभा सुरू झाली ती या प्रश्नामुळे.

ठराव आणि कायदा

प्रथम मूळ मुद्दा सांगतो. विधिमंडळाचा ठराव हे सभागृहाचे मत असते. ती शासनाला केलेली शिफारस असते. त्याचे वजन मोठे असते, परंतु तो मोडला म्हणून कोणाला न्यायालयात खेचता येत नाही. कायद्याचे तसे नाही. त्यासाठी विधेयक लागते, ते दोन्ही सभागृहांतून जावे लागते, त्यास राज्यपालांची संमती लागते आणि ते अमलात येण्याचा दिवस ठरावा लागतो. मराठवाडा विद्यापीठाचे नाव विद्यापीठाच्या कायद्यात लिहिलेले होते. ठरावाने इच्छा प्रकट झाली, पण कायद्यातील अक्षर तसेच राहिले. पुढील विलंबास केवळ कामकाजाची पद्धत कारण होती असे आम्ही म्हणत नाही. विरोध होता, हिंसा झाली, इच्छाशक्ती कमी पडली. परंतु ठराव आणि कायदा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, त्याच जागेत हा सगळा विलंब मावला. १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला, तोपर्यंत १९७८ साली जन्मलेले मूल दहावीच्या उंबरठ्यावर आले होते.

याही आधीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे, पण या दृष्टीने आपण त्याकडे क्वचित पाहतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा तो ठराव होता. सरकारने तो आपल्या खात्यांकडे पाठविला. महाड नगरपालिकेनेही पुढे तसा ठराव केला. तरीही चवदार तळ्याच्या काठी काहीच बदलले नाही. १९२६ साली बोले यांना दुसरा ठराव आणावा लागला. पहिला ठराव न पाळणाऱ्या नगरपालिकांना सरकारने अनुदान देऊ नये, असा त्याचा आशय होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा ते कोणताही नियम मोडत नव्हते. सभागृहाने जे आधीच मान्य केले होते, ते ते स्वतः अमलात आणत होते. त्यावरही नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि वाद न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे, हे राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने आणि १९५५ च्या कायद्याने मग पक्के झाले.

मुले महाडचा इतिहास पाठ म्हणतात. त्या इतिहासाच्या पोटात विधिमंडळाच्या कामकाजाचा केवढा मोठा धडा आहे, हे त्यांना सभागृहात उभे राहिल्यावरच कळते, असा आमचा अनुभव आहे.

बाबासाहेबांची दृष्टी

विद्यार्थ्यांनी संसदेचा अभ्यास संसद भरवून करावा, ही कल्पना आपल्याकडे आजची नाही. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे, आणि जानेवारी १९५० मध्ये त्या संसदेपुढे बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलावर भाषण केले. देशाचा कायदेमंत्री कायदेमंडळात ज्या विधेयकासाठी झगडत होता, तेच विधेयक त्याने विद्यार्थ्यांपुढे मांडावे, यातच त्या संसदेची त्यांच्या लेखी काय किंमत होती ते दिसते. पुढे १९५६ साली राजकारणात उतरू इच्छिणाऱ्यांसाठी त्यांनी मुंबईत प्रशिक्षण शाळा काढली. पहिल्या वर्गात १५ विद्यार्थी होते. त्याच वर्षी डिसेंबरात महापरिनिर्वाण झाले आणि शाळाही १९५७ मध्ये बंद पडली. ती चालू राहती तर, असा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. असो.

स्वतः बाबासाहेब १९२७ पासून मुंबई कायदे कौन्सिलात होते. तेथे त्यांनी केलेले सगळेच काम तडीस गेले असे नाही, आणि हेही मुलांना सांगितले पाहिजे. महार वतनाचे विधेयक त्यांनी १९२८ साली मांडले आणि १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी १९३७ साली मांडले, तेही त्या वेळी संमत झाले नाही. खोती कायद्याने गेली १९४९ साली आणि वतने गेली १९५८ च्या कायद्याने. हरलेले विधेयक वाया जात नाही, पण ते जिंकायला वीस-तीस वर्षे लागू शकतात. भाषणाला टाळ्या मिळाल्या की काम झाले असे वाटणाऱ्या वयात ही गोष्ट समजणे फार मोलाचे आहे.

शासकीय पातळीवरही हा उपक्रम आहे. केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयाने १९६६-६७ साली दिल्लीच्या शाळांतून युवा संसद स्पर्धा सुरू केली आणि पुढे ती केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये व विद्यापीठे येथपर्यंत गेली. पन्नास-पंचावन्न विद्यार्थी, साधारण तासाभराचे कामकाज आणि परीक्षकांचे गुण, असे तिचे स्वरूप असते. उपक्रम चांगला आहे. मात्र स्पर्धा म्हटली की संवाद पाठ केले जातात, प्रश्न कोण विचारणार, उत्तर काय मिळणार आणि विरोधक कधी हसणार हेही आधी ठरते, आणि विधानसभेचे स्नेहसंमेलनातले नाटक होते. आम्ही स्पर्धा टाळली. आमच्या सभागृहात मतदानाचा निकाल कोणालाच आधी माहीत नसतो.

संघाची कार्यपद्धती

येथे आपल्या धम्माशी असलेला संबंध सांगणे अगत्याचे आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की, संसदीय कार्यपद्धती भारताला परकी नाही. भिक्खू संघांना बैठकव्यवस्था, प्रस्ताव, गणसंख्या, प्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे ठाऊक होते. हे वाक्य आपण व्याख्यानांतून पुष्कळ ऐकतो. पण विनयपिटकात प्रत्यक्ष काय आहे, ते आम्ही अभ्यासवर्गात भदंतांकडून समजावून घेतले तेव्हा मुले चकित झाली.

संघापुढे काही ठरवायचे असेल तर प्रथम 'ञत्ति' म्हणजे प्रस्ताव मांडावा लागे. साध्या कामात त्यानंतर एकदा आणि महत्त्वाच्या कामात तीनदा घोषणा होई. ज्यांना मान्य असेल त्यांनी मौन राखावे, ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावे, अशी रीत होती. बहुतेक कामांना किमान चार भिक्खू लागत, आणि काही कामांना पाच, दहा किंवा वीस. गणसंख्येशिवाय केलेले काम वैध मानले जात नसे. एकमत झाले नाही तर 'येभुय्यसिका' म्हणजे बहुमताने निर्णय होई, आणि त्यासाठी 'सलाका' म्हणजे काड्या वाटल्या जात. काड्या वाटून गोळा करणाऱ्या भिक्खूची निवड संघच करी. तो लोभाने, द्वेषाने, मोहाने किंवा भीतीने वाकणारा नसावा आणि कोणती काडी घेतली गेली, कोणती नाही, हे त्याला कळत असावे, असे चुल्लवग्गात आहे. आजारी भिक्खूला सभेस येता येत नसेल तर तो आपला 'छन्द' म्हणजे संमती दुसऱ्याकरवी कळवू शके. आपल्या विधानसभेत मात्र अशी सोय नाही. सदस्य सभागृहात नसेल तर त्याचे मत नाही. ही शेवटची दोन कलमे ध्यानात ठेवावीत, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

सभागृहाची उभारणी

आमच्या सभागृहात ४२ विद्यार्थी असतात. आठवीपासून पदवीच्या वर्गापर्यंतचे, काही वस्तीतले, काही वसतिगृहात राहणारे. दोन पक्ष आम्ही चिठ्ठ्या टाकून करतो. पुढाऱ्यांची आणि पदाधिकाऱ्यांची मुले आपोआप सत्ताधारी बाकांवर जाऊन बसतात, हे पहिल्या वर्षी पाहिल्यावर चिठ्ठ्यांची पद्धत आली. एका वर्षीचे सभागृह २४ सत्ताधारी, १७ विरोधक आणि अध्यक्ष असे होते. त्याच अधिवेशनाची हकीकत येथे सांगत आहोत.

पहिला वाद मंत्र्यांच्या संख्येवरून झाला. जवळजवळ प्रत्येकाला मंत्री व्हायचे होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. २८८ सदस्यांच्या महाराष्ट्र विधानसभेत ती मर्यादा ४३ येते, आमच्या ४२ च्या सभागृहात ६ आली. तेवढ्यावर प्रश्न मिटला असे वाटत असतानाच विरोधी बाकांवरून अकरावीतला एक मुलगा हरकतीचा मुद्दा घेऊन उठला. राज्यघटनेच्या त्याच अनुच्छेदात बारापेक्षा कमी मंत्री नसावेत असेही लिहिले आहे, तेव्हा सहा मंत्र्यांचे मंत्रिमंडळ घटनाबाह्य आहे! आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. पुस्तक उघडले तर मुलाचे म्हणणे बरोबर होते. अध्यक्षपदी बसलेल्या विद्यार्थ्याने निर्णय दिला की, बाराची अट राज्यासाठी आहे, या छोट्या सभागृहात टक्केवारीची अट पाळावी. निर्णय सर्वांनी मानला. तो मुलगा मात्र त्या दिवसापासून घटनेची प्रत बरोबर घेऊन हिंडतो.

गणसंख्येचेही असेच. विधानसभेत एक-दशांश सदस्य किंवा १०, यांपैकी जो आकडा मोठा तो घ्यायचा. २८८ ला तो २९ होतो. आमच्याकडे एक-दशांश म्हणजे पाचही भरत नाहीत, म्हणून १० धरले.

पहिल्या वर्षीचा एक प्रसंगही सांगण्यासारखा आहे. बांबूला सोनेरी कागद लावून मुलांनी राजदंड केला होता. अधिवेशन सुरू होऊन पंधरा मिनिटे झाली नाहीत तोच विरोधकांनी तो पळविला. विचारले तर म्हणाले, टीव्हीवर असेच दाखवतात. दोष मुलांचा नव्हता. आता आम्ही सभात्यागाला परवानगी देतो, पण सभात्याग करणाऱ्यांनी बाहेर बसून त्याचे कारण पाच ओळींत लिहून द्यायचे असते. त्यामुळे सभात्याग कमी झाले.

प्रश्नोत्तराचा तास

अधिवेशन दीड दिवसाचे असते. पहिल्या दिवशी प्रश्नोत्तरे व लक्षवेधी सूचना, दुसऱ्या दिवशी विधेयक. प्रश्न आठ दिवस आधी लेखी द्यायचे. तारांकित प्रश्नाचा साचा विधिमंडळाचाच ठेवला आहे. अमुक घडले हे खरे आहे काय, असल्यास त्याची कारणे काय, त्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. उत्तरेही त्याच भाषेत येतात. "हे अंशतः खरे आहे" आणि "प्रश्न उद्भवत नाही" ही दोन वाक्ये मुलांना इतकी आवडली की काही दिवस घरीही तीच चालली होती, असे पालकांनी सांगितले.

त्या वर्षी सामाजिक न्याय खाते पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीकडे आले. पहिलाच प्रश्न होता मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या विलंबाचा. ही शिष्यवृत्ती १९४४ साली अनुसूचित जातींसाठी सुरू झाली, आणि ती सुरू होण्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. मौज अशी की मंत्रिमहोदयांची स्वतःचीच शिष्यवृत्ती आली नव्हती. "मी विरोधात बसते, मला हे उत्तर देता येणार नाही," असे ती म्हणाली. आम्ही आग्रह धरला. उत्तर तयार करण्यासाठी तिला अर्जाचा सगळा प्रवास शोधावा लागला. विद्यार्थी ऑनलाइन अर्ज भरतो, महाविद्यालय तो तपासून पुढे पाठवते, मग समाजकल्याण कार्यालय, मग रक्कम मंजूर होऊन बँक खात्यात. तिने आपलाच अर्ज कुठे आहे ते पाहिले, तर तो महाविद्यालयाच्याच पायरीवर पडून होता. सभागृहात तिने उत्तर दिले, "हे अंशतः खरे आहे," आणि विलंब कोणत्या कोणत्या टप्प्यावर होतो ते टप्प्यांसह सांगितले. पूरक प्रश्न अकरा आले. एकाही प्रश्नाला तिने वरच्या कार्यालयावर ढकलून उत्तर दिले नाही. दुसऱ्या आठवड्यात ती लेखी अर्ज घेऊन महाविद्यालयात गेली आणि तिच्याबरोबर आणखी चौघींचे अडकलेले अर्ज पुढे सरकले.

मंत्र्याला उत्तर द्यावे लागते म्हणजे काय, हे मंत्री झाल्याशिवाय कळत नाही, आणि कारभार नेमका कुठे अडतो हेही विचारल्याशिवाय कळत नाही. आपल्या समाजातील मुले मोर्चात घोषणा उत्तम देतात. त्या घोषणांचे मोल आम्ही जाणतो, आम्हीही त्यातूनच आलो आहोत. पण निवेदन कोणत्या टेबलावर द्यायचे हे माहीत असलेला एक मुलगा मोर्चात असला तर मोर्चाचे काम पुष्कळ सोपे होते.

एका शब्दाची दुरुस्ती

दुसऱ्या दिवशीचे विधेयक वसतिगृहांतील पिण्याचे पाणी व अभ्यासिका यांविषयी होते. मसुदा सत्ताधारी पक्षाने केला. विधेयकाला उद्देश व कारणे यांचे निवेदन लागते, खर्च येत असेल तर वित्तीय ज्ञापन लागते. विधेयक आधी पुरःस्थापित होते, मग त्यावर सर्वसाधारण चर्चा होते, नंतर एकेक खंड विचारात घेतात आणि शेवटी संमत करतात. हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले की, मग पहिला खंड सगळ्यात शेवटी का घेतात? कारण त्यात नाव आणि प्रारंभाचा दिवस असतो. आत काय ठरले ते कळल्याशिवाय नाव कशाला द्यायचे?

प्रारंभाच्या दिवसाची गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. "शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिवशी हा कायदा अमलात येईल" असे मसुद्यात होते. येथे आम्ही मुलांना रोजगार हमीचे उदाहरण दिले. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्यभर आली. तिचा कायदा १९७७ चा आहे आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याच्या दृष्टीने कायद्याचे खरे वर्ष दुसरे. विरोधकांनी लगेच "तीन महिन्यांच्या आत" अशी दुरुस्ती सुचविली आणि सरकारने ती मान्य केली.

खरा सामना चौथ्या खंडावर झाला. "वसतिगृहातील प्रत्येक विद्यार्थ्यास शुद्ध पिण्याचे पाणी प्राधिकारी पुरवू शकेल" असे त्यात लिहिले होते. विरोधकांची दुरुस्ती एका शब्दाची होती: 'पुरवू शकेल' याऐवजी 'पुरवील'. प्रथम बऱ्याच मुलांना यात भांडण्यासारखे काय आहे ते कळेना. मग वसतिगृहात राहणारा एक मुलगा उठून म्हणाला, "अध्यक्ष महोदय, 'पुरवू शकेल' असे लिहिले तर उन्हाळ्यात आम्ही कोणाला विचारायचे? तो म्हणेल, शकलो नाही." सभागृह शांत झाले. अर्थमंत्र्यांनी उत्तर दिले की, 'पुरवील' लिहिले तर टँकरचा खर्च कुठून करायचा ते विरोधकांनी सांगावे, वित्तीय ज्ञापनात तेवढी तरतूद नाही. दोन्ही मुद्दे खरे होते.

सत्ताधारी बाकांवर वसतिगृहातले चौघे होते. प्रतोदाने आदेश काढला होता. पक्षाचा आदेश मोडून मतदान केले आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही तर सदस्यत्व जाऊ शकते, ही १९८५ साली घटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीतील तरतूद त्यांना माहीत होती. तरीही चौघांनी विरोधकांबरोबर जायचे ठरविले. हिशेब सरळ होता. सतरा अधिक चार म्हणजे एकवीस, आणि समोर वीस. आवाजी मतदानात "होय" आणि "नाही" सारखेच मोठे आले, तेव्हा मतविभागणी मागण्यात आली. मोजणी झाली तर वीस विरुद्ध वीस! विरोधकांचा एक सदस्य चहा प्यायला बाहेर गेला होता.

समसमान मते पडली तर अध्यक्षांनी निर्णायक मत द्यावे, असे राज्यघटना सांगते. ते कसे द्यावे याचा संकेत असा की, अध्यक्षांनी आपल्या एका मताने नवी गोष्ट घडवू नये, विधेयक आहे तसे ठेवावे. अध्यक्षपदी बसलेला विद्यार्थी स्वतः वसतिगृहात राहणारा होता. त्याच्या खोलीत तीन दिवसांपासून पाणी नव्हते, हे सभागृहातल्या सगळ्यांना ठाऊक होते. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने दुरुस्तीच्या विरोधात मत दिले आणि कारणही सांगितले. दुरुस्ती फेटाळली गेली.

त्यानंतर जो गलका झाला त्याचे वर्णन करीत नाही. काही मुलांनी त्याला फितूर म्हटले. रात्री जेवताना त्याच्याशेजारी कोणी बसेना. आमच्यातही दोन मते झाली. एका सहकाऱ्याचे म्हणणे, पाण्याच्या प्रश्नावर कसला संकेत पाळायचा? दुसऱ्याचे म्हणणे, काडी गोळा करणाराच जर आपल्या तहानेप्रमाणे काड्या मोजू लागला तर उद्या आपल्यावर अन्याय करणाऱ्या बहुमताला आपण कोणत्या तोंडाने निःपक्ष राहायला सांगणार? दोघांचीही बाजू आम्हाला आजही पटते. मात्र मुलांना एक गोष्ट आपोआप कळली होती. दुरुस्ती अध्यक्षामुळे पडली नव्हती, बाहेर गेलेल्या सदस्यामुळे पडली होती. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर क्षमा मागितली. संघात आजारी भिक्खूला छन्द पाठविता येई, चहा पिणाऱ्याला नव्हे, असे भदंत हसत म्हणाले तेव्हा कुठे वातावरण निवळले. मुख्यमंत्र्यांनी त्या चार सदस्यांना पंधरा दिवसांच्या आत माफ करून टाकले.

ज्यांना हे करावयाचे असेल त्यांच्यासाठी

इतर शाखांनी व वसतिगृहांनी हा उपक्रम करावा असे आम्हास वाटते. खर्च फारसा नाही. सतरंज्या, खुर्च्या, झेरॉक्स, दोन वेळचे जेवण. वेळ मात्र लागतो. तयारीला सहा रविवार धरावेत. राज्यघटनेच्या मराठी प्रती निदान पाच असाव्यात आणि त्या कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्याव्यात. विषय मुलांच्या अंगावर येणारा असावा. काश्मीर वा अमेरिकेवर भाषणे चांगली होतात, पण 'शकेल' आणि 'करील' यांतला फरक तेथे कळत नाही. मोठ्यांनी प्रेक्षकांत बसावे आणि चिठ्ठ्या पाठवून सूचना करू नयेत. हा नियम पाळणे आम्हाला स्वतःला सर्वांत जड गेले. मुलींना अर्ध्या जागा द्याव्यात. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा ठेवल्या खऱ्या, पण त्यांची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना यांवर अवलंबून ठेवली आहे. आपल्या सभागृहाला थांबण्याचे कारण नाही.

आणखी एक सूचना. अभिरूप विधानसभेच्या इतिवृत्तात आम्ही प्रत्येक निर्णयापुढे "पुढे काय झाले" असा एक रकाना ठेवला आहे. तीन महिन्यांनी मुले तो भरतात. पाण्याची दुरुस्ती पडली तरी वसतिगृहाच्या व्यवस्थापनाकडे मुलांनी लेखी मागणी केली, आणि टाकी साफ होऊन दुसरी टाकी बसली, असे त्या रकान्यात लिहिले आहे. अभ्यासिकेपुढील रकाना अजून कोरा आहे. मुलांचे पाहून संस्थेच्या कार्यकारिणीनेही आपल्या वहीत तसा रकाना आखला. त्यातील कोरे रकाने मुलांच्या वहीतल्यापेक्षा अधिक आहेत, हे वार्षिक सभेत एका विद्यार्थ्याने मोजून दाखविले.

यंदाच्या अधिवेशनासाठी प्रश्न स्वीकारणे सुरू झाले आहे. चौथ्या खंडावरील तीच एका शब्दाची दुरुस्ती पुन्हा आली असून, या वेळी तिच्याबरोबर टँकरच्या खर्चाचा अंदाजही जोडलेला आहे. प्रश्नांचा व विधेयकाचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांनी रविवारी अभ्यासवर्गाच्या वेळी संस्थेच्या कार्यालयातून घेऊन जावा.